बाई, हा कोणता रंग?

चंद्रपूरहून एक मॅडम गाडी करून आमच्या विणकाम केंद्रात आल्या होत्या. हातात पडद्याचा तुकडा. हॉलमध्ये टाकायला गालिचा हवा होता, पण तो या पडद्याला शोभला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मूल तालुक्यातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तिथे देवाभाऊ म्हणून एक माणूस आहे, त्याच्यासारखी रंगाची नजर या भागात कोणाला नाही. तो देवाभाऊ म्हणजे मी.

मी तुकडा खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला, बोटांत चोळून पाहिला. लोकर ठेवलेल्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग मागावर बसलेल्या सुनंदाबाईंपुढे तुकडा धरला आणि विचारलं, "बाई, याले कोणता घ्यावा म्हणता?" त्यांनी तुकड्याकडे नीट पाहिलंही नाही. "गेरूवानी हाये. बदामी चालन," म्हणाल्या आणि लोखंडी पंजाने ओळ ठोकत राहिल्या. मी मोठ्या गांभीर्याने मान हलवली. मॅडम खूश झाल्या. जाताना म्हणाल्या, "एवढे जाणकार असून तुम्ही कामावरच्या बाईलाही विचारता, हे मला फार आवडलं."

तो पडदा कसा होता, मला आजही माहीत नाही. लाल आणि हिरवा यांतला फरक मला दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही. मरून, तपकिरी, गर्द हिरवा हे माझ्यासाठी एका चेहऱ्याचे भाऊ आहेत, आणि फिका गुलाबी कुठे संपतो आणि राखाडी कुठे सुरू होतो, ते मी फक्त ऐकून आहे. फागुनात लोक म्हणतात, पळस फुलला, रान पेटलंय. मी हो म्हणतो. एक निळा तेवढा मला कधी फसवत नाही. आमच्या घरावरचा झेंडा मला दुसऱ्या गावातूनही ओळखू येतो.

या अंकाच्या संपादकांनी मला गालिच्यांवर, त्यातही रंगांवर लिहा म्हणून निरोप पाठवला, तेव्हा माझी बायको मालती पोट धरून हसली. मागच्या वर्षी निरोप आला असता तर मी काहीतरी सबब सांगून टाळलं असतं. यंदा लिहितो आहे, कारण लपवायचं काही उरलं नाही.

तरुणपणी मी वनरक्षकाच्या भरतीला गेलो होतो. धावण्यात माझ्यापुढे दोन-तीनच पोरं होती. मग तपासणीच्या खोलीत एका डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडून धरलं. आकडा वाच, म्हणाले. मला ठिपके दिसले. पान उलटलं, पुन्हा ठिपके. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. घरी येऊन मी सांगितलं, धावण्यात मागे पडलो. माझे बाबा जंगलात बांबूतोडीच्या कूपावर मजुरी करायचे. पोराचा दम कमी पडला, असं ते जाईल तिथे सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो. गावात माझ्याइतकं कोणी धावत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण डोळ्यात खोट आहे म्हणण्यापेक्षा पायात आहे म्हणणं मला सोपं वाटलं.

त्यानंतर गावात गालिच्याचं प्रशिक्षण सुरू झालं आणि मी तिथे जाऊन बसलो. जगातल्या सगळ्या कामांतून मी रंगाचं काम निवडलं, असं आता कोणी म्हणेल. त्या वेळी निवडायला दुसरं काही नव्हतं. डोक्यावर टिनाची सावली होती आणि बसून करायचं काम होतं, आमच्या घरात ती मोठी गोष्ट होती.

ज्यांनी गालिचा फक्त पायाखाली पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माग उभा असतो, उंच चौकटीसारखा. त्यावर वरपासून खालपर्यंत सुताचे धागे ताणलेले. विणणारी समोर पाटीवर, म्हणजे आडव्या फळीवर बसते. तिच्या डोक्यावर आडव्या बांबूला लोकरीचे गोळे टांगलेले असतात, प्रत्येक रंगाचा एक. ती हव्या त्या गोळ्याचं टोक ओढते, दोन धाग्यांभोवती गाठ मारते, खाली ओढून सुरीने कापते. ओळ भरली की आडवा धागा घालते आणि लोखंडी पंजाने ठोकून ओळ घट्ट बसवते. मग पुढची ओळ. हातभर गालिचा व्हायला किती गाठी लागतात ते सांगत नाही, वाचूनच तुमची बोटं दुखतील.

कुठली गाठ कुठल्या रंगाची, ते नक्षीच्या कागदावर असतं. या कागदावर रंग नसतो. चौकटी असतात आणि चौकटींत खुणा. टिंब म्हणजे मरून, फुली म्हणजे हिरवा, तिरपी रेघ म्हणजे बदामी, असं. एक जण बाजूला बसून कागद मोठ्याने वाचतो, "दोन मरून, एक हिरवा, तीन बदामी." विणणारी गाठी मारते आणि उत्तर देते. आमचे उस्ताद मिर्झापूरकडचे, त्यांच्याकडे उत्तर वेगळं होतं. आमच्या बायांनी पहिल्याच आठवड्यात ते बदलून "हौ" करून टाकलं. हौ म्हणजे गाठ बसली, पुढचं बोला.

मला ते वाचणं जमलं. खुणा मला कोणाहूनही झपाझप दिसत, आवाज चांगला होता, ठेका चुकत नसे. उस्ताद म्हणाले, "ये लडका बोलेगा." आणि मी वाचणारा झालो. विणायची वेळ आलीच, तर माझी एक युक्ती होती. गोळे बांबूवर ठरलेल्या क्रमानेच टांगायचे. डावीकडून पहिला मरून, दुसरा हिरवा, तिसरा बदामी. माझा हात रंगाकडे जात नसे, जागेकडे जात असे.

पण क्रम बरोबर लागला आहे ना, हे कोणीतरी सांगायला हवं. म्हणून मी रोज सकाळी माग सुरू करण्याआधी एकेका गोळ्याला बोट लावून विणणारीला विचारायचो, "बाई, हा कोणता?" ती सांगे, मी मनात क्रम पक्का करे. केंद्र आधी सरकारी होतं, मग बंद पडलं, मग बचत गटातल्या बायांनी आणि मी मिळून ते पुन्हा उघडलं. सगळं बदललं. सकाळचा हा प्रश्न तेवढा राहिला. आणि सगळ्यांत जास्त वेळा तो मी सुनंदाबाईंना विचारला.

सुनंदाबाई धान पिकवणाऱ्या घरच्या. आमच्या पहिल्या तुकडीतल्या. त्यांच्याएवढा सारखा हात मी पाहिला नाही. गालिच्याची पाठ पाहिली की कोणाची ओळ कुठली ते कळतं. कोणी घट्ट ओढते, कोणी सैल. सुनंदाबाईंच्या ओळी सकाळच्या आणि संध्याकाळच्या सारख्याच. जीभ मात्र सुरीच्या आधी चालायची. मी "हा कोणता" म्हटलं की त्या म्हणायच्या, "कालचाच हाये. रातभऱ्यात बदलला असन तं पाहा." किंवा, "मरून. लिहून घ्या." बाया हसत, मीही हसे आणि पुढच्या गोळ्याला बोट लावे.

मला डोळ्यांचा काहीच उपयोग नव्हता असं मात्र नाही. उजेड आणि सावली मला इतरांपेक्षा बरी दिसते, कदाचित रंगांची गर्दी मध्ये येत नाही म्हणून. गडचिरोलीच्या एका डॉक्टरांनी लांब व्हरांड्यासाठी गालिच्याचे दोन सारखे पट्टे नेले होते. महिन्याभरात त्यांचा माणूस भांडायला आला. म्हणे, एक पट्टा उजळ आणि एक काळपट, तुम्ही दुसऱ्या लोकरीचा खपवला. मी बसने गेलो. दारातूनच कळलं. गालिच्याच्या लोकरीला रोख असतो, मांजराच्या केसांसारखा. रोखाच्या बाजूने पाहिलं तर तो उजळ दिसतो, उलट्या बाजूने गडद. त्यांनी एक पट्टा डोक्याकडून टाकला होता आणि एक पायाकडून. मी एक उचलून फिरवला. डॉक्टरांच्या आई खुर्चीत बसल्या होत्या, म्हणाल्या, "एवढंच होतं काय? अन् आमी महिनाभर त्या गालिच्यासंग बोललो नाई." त्या दिवशी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी.

म्हणून सांगतो, झाडू मारायचा तर रोखाच्या बाजूने मारा. हात फिरवून पाहा, जिकडे लोकर निजते तो रोख. चहा सांडला तर चोळू नका, कोरड्या फडक्याने दाबा. ठेवायचा तर घडी घालू नका, गुंडाळा, आणि आत कडुलिंबाची वाळलेली पानं टाका, नाहीतर कसर लागते. आणि वर्षातून दोनदा तरी उलटा करून ऊन दाखवा. सूरजागडकडच्या एका ठेकेदाराने गालिचा धुवायला आणला होता. बाया म्हणाल्या, लालभडक झालाय, लोखंडाच्या खाणीची धूळ. मला तो आधी होता तसाच दिसत होता. हात लावला तेव्हा मात्र कळलं. धूळ मुळाशी जाऊन बसली होती आणि अशी जड होती की दोघांनी उचलायचा तो गालिचा चौघांनी उचलला. बायांनी पाणी ओतत लाकडी फळीने ती रेटून काढली. फरशीवरून वाहणारं पाणी पाहून एक जण म्हणाली, "अर्धा डोंगर तं इथीच आला."

अशा कामांनी माझं नाव झालं. नाव झालं की खरं सांगणं आणखी अवघड होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. एकदा केंद्र पाहायला मोठे साहेब आले. बाया नवी लुगडी नेसून मागावर बसल्या. मी नेहमीप्रमाणे गोळ्यांना बोट लावत सुनंदाबाईंना विचारत गेलो, साहेबांसमोर. साहेब म्हणाले, "वा, रोज अशी परीक्षा घेता? शिस्त आहे." मी मान हलवली आणि पुढच्या गोळ्याला बोट लावलं. सुनंदाबाईंनी प्रत्येक रंगाचं नाव सांगितलं, मान खाली घालून, शाळेतल्या मुलीसारखं. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही. साहेब गेल्यावरही नाही.

मागच्या हिवाळ्यात भामरागडला नवं केंद्र काढायचं ठरलं. तिथल्या माडिया आदिवासी बायांना शिकवायला कोणीतरी हवं होतं, राहण्याजेवणाची सोय होती. सुनंदाबाईंइतकं योग्य कोणी नव्हतंच. मुलं मोठी झालेली, घरचे तयार. सगळ्यांना वाटलं त्या उडी मारतील. त्यांनी नाही म्हटलं. कारण विचारलं तर बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जिचा रंग अजून रोज तपासा लागते, ते दुसऱ्याले काय शिकवन?" माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

एक वाक्य बोलायचं होतं. मी चहाचे कप गोळा करत राहिलो. भामरागडवाल्यांनी दुसऱ्या कोणाला नेमलं नाही, पावसाळ्याआधी कळवा म्हणाले. म्हणजे दार उघडं होतं आणि ते माझ्यामुळे बंद होणार होतं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचा प्रश्न विचारणं बंद केलं. लाज वाटली म्हणून. सुनंदाबाईंना काय वाटलं असेल ते मला आता कळतं. बोलून दाखवल्यावर यांनी नुसतं विचारणं थांबवलं, दोन शब्द बोलले नाहीत.

त्याच सुमाराला आमच्या विहारासाठी गालिचा लागला होता. त्या विहाराच्या पायासाठी माझ्या बाबांनी डोक्यावरून दगड वाहिले होते. गटातल्या सगळ्या बायांनी आपापले हात द्यायचे ठरवलं, कोण कोणत्या घरची हा प्रश्न निघाला नाही. मरून जमीन आणि काठाला हिरवी पिंपळपानं. वैशाखी पौर्णिमेला अंथरायचा. मी म्हटलं, यातल्या थोड्या ओळी मी माझ्या हाताने विणणार. मरून आणि हिरवा, माझ्या डोळ्यांना याहून वाईट जोडी शोधून सापडली नसती. पण जागा पाठ होत्या.

चैत्रात वादळ आलं. टिन उचललं गेलं, बांबूवरचे गोळे भिजले. सुनंदाबाईंनी ते उतरवले, वाळवले आणि पुन्हा टांगले. त्यांच्यासाठी कोणता गोळा कुठे, याने काय फरक पडतो? ज्याला दिसतं तो पाहून घेतो. आणि दुसऱ्या दिवसापासून मोहफुलांचा हंगाम भरात आला. त्या दिवसांत आमच्याकडे पहाटेपासून घरंच्या घरं रानात असतात, केंद्रात कोणी येत नाही. मी एकटाच होतो. माग रिकामा पाहवेना, म्हणून बसलो. स्वतःच वाचायचो, "चार हिरवा," स्वतःच गाठी मारायचो आणि स्वतःलाच "हौ" म्हणायचो. बाहेर पाखरांशिवाय आवाज नव्हता. खरं सांगतो, बऱ्याच वर्षांत इतकं सुख वाटलं नव्हतं. वीतभर विणून झालं. बाबांना दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं, असंही मनात आलं.

मोह सरत आला तशा एका दुपारी सुनंदाबाई आल्या. अंगाला, पदराला मोहाचा गोडसर वास. दारातच थांबल्या.

"देवाभाऊ, मोह आमी वेचला अन् चढला तुमाले काय जी?"

काय झालं, मी विचारलं.

"काय झालं म्हणता? खाली पानं हिरवी, वर पानं मरून. अन् जमीन हिरवीगार. धानाची बांधी पेरली काय गालिच्यात?"

मी बांबूकडे पाहिलं. पहिला गोळा, दुसरा गोळा. दोन्ही सारखे. तेव्हा मला समजलं, वादळानंतर टांगताना या दोघांच्या जागा बदलल्या असतील. "उसवतो," मी म्हणालो आणि पाटीवर बसलो. उसवणं म्हणजे आडवा धागा काढायचा आणि त्या ओळीच्या गाठी एकेक उपटायच्या, मग खालची ओळ. मी वरची ओळ मोकळी केली. दुसरी केली. मग हात थांबला. कुठपर्यंत उसवायचं?

"चूक सुरू झाली तिथवर," सुनंदाबाई म्हणाल्या. "तेवढं तं दिसतेच."

"मले नाई दिसत, बाई."

"चष्मा घरी राह्यला काय?"

"चष्म्याचं नाई ते. मरून अन् हिरवा मले एकच दिसते. लहानपणापासून." इतक्या वर्षांनी ते तोंडातून निघालं आणि फार लहान वाटलं. मी सांगत गेलो. भरतीचं, ठिपक्यांच्या पुस्तकाचं, गोळ्यांच्या क्रमाचं. त्या उभ्याच होत्या.

"मंग रोज सकाळी मले विचारे, ते?"

"त्याच्याचसाठी."

"त्या साहेबासमोर?"

"तेबी."

त्या खाली बसल्या, पाटीच्या कडेवर. "मले वाटे, तुमाले माझ्यावर भरोसा नाई. एवढी वर्सं झाली, अन् हा माणूस अजून मले रंग विचारून राह्यला, जशी मी काल आली." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाल्या, "मले काय वाटते, ते तुमाले माहीत होतं?"

खोटं बोलायची सवय जुनी होती. तरी या वेळी जमलं नाही.

"हौ," मी म्हणालो.

त्या उठून बाहेर गेल्या. हातपंपाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मला वाटलं, आता त्या तशाच घरी जातील आणि उद्या सगळ्या गावाला कळेल, आणि ते बरोबरच होईल. हातात सुटलेला धागा घेऊन मी बसून राहिलो. पंप थांबला. सुनंदाबाई पदराने तोंड पुसत आत आल्या, माझ्या शेजारी पाटीवर बसल्या आणि गालिच्यावर बोट टेकवून एक आडवी रेघ ओढली.

"इथून. याच्या खालचं बरोबर हाये."

मी उसवायला लागलो. थोड्या वेळाने त्याही उपटायला लागल्या. संध्याकाळी उठताना एवढंच विचारलं, "ते भामरागडचं अजून हाये काय?" मी म्हटलं, आहे. "मंग कळवा त्यायले," म्हणाल्या, आणि चपला घालता घालता, "अन् काऊन नाई म्हटलं होतं, तेबी कळवा. तुमच्या तोंडानं."

मी कळवलं. आमच्या गटातल्या बायांना चहाच्या वेळी मीच सांगितलं. मग त्यातली एक म्हणाली, "मंग टमाटर पिकला का नाई, कसं वळखता?" मी म्हटलं, दाबून. त्यावर जे हसू फुटलं ते दुपारपर्यंत पुरलं. मालतीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग आपल्या लग्नात माझं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, सांगा." मी म्हटलं, तू जो सांगशील तो. ती म्हणाली, हे उत्तर तर सगळेच नवरे देतात, त्याला डोळे खराब असावे लागत नाहीत.

बाबा असते तर त्यांनाही सांगितलं असतं, की माझा दम कमी पडला नव्हता. ते मात्र राहून गेलं.

गालिचा पौर्णिमेला विहारात अंथरला गेला. उसवून पुन्हा विणलेला पट्टा कोणाला ओळखू येत नाही. मला येतो. सकाळचं तिरपं ऊन दारातून आत आलं की त्या वीतभर जागेत लोकर किंचित वेगळी निजलेली दिसते, कारण तिथे दोघांचे हात एका ओळीत आहेत, माझा सैल आणि सुनंदाबाईंचा सारखा. वंदनेला मी तिथेच बसतो.

सुनंदाबाई पाऊस लागण्याआधी भामरागडला गेल्या. पावसाळ्यात तिथला रस्ता तुटतो, नद्या चढल्या की गावाचं बेट होतं आणि फोनही लागला तर लागला. आषाढ सगळा कोरडा गेला, पावसाच्या नाही, बातमीच्या बाबतीत. श्रावणात एका दुपारी माझा फोन वाजला. आवाज तुटत होता. ठीक आहात का, जेवता काय, घरच्यांना काही सांगायचं का, असं मी विचारत होतो. त्यांनी त्यातल्या कशाचंच उत्तर दिलं नाही. बाया चांगल्या आहेत म्हणाल्या, हात चालाख आहेत, गोंडीत उत्तर देतात, ते आता सुनंदाबाईंनाही समजतं. आणि रोज सकाळी त्याही गोळ्यांना बोट लावून विचारतात, हा कोणता? "पण मी पयल्याच दिवशी सांगून टाकलं, काऊन विचारते ते," म्हणाल्या. "एखादीले नसन दिसत, तं तिनं सांगाव. कोणी हाकलत नाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् तुमी सांगा, देवाभाऊ. आज बांबूवर डावीकडून पयला कोणता हाये?"

मी मागाकडे पाहिलं. नवा गालिचा लागला होता, एका शाळेच्या वाचनालयासाठी.

"निळा," मी म्हणालो.

"कोणाले विचारलं?"

"कोणालेच नाई."

रेंज गेली असं वाटलं. मग तिकडून, मागावर बसल्यासारखं उत्तर आलं, "हौ."